घडीच्या लहान चाकूची पारख : पाच आठवड्यांच्या नोंदी

२ मार्च

रोज खिशात बाळगण्यासाठी स्वस्तातला एक घडीचा चाकू घेतला आहे. पुढचे पाच आठवडे तो वापरून, खोलून, झिजवून आणि पुन्हा धार लावून तो विश्वासाचा आहे की नाही हे ठरवायचे आहे. अशा चाकूंची चर्चा बहुधा पोलादाच्या नावापासून सुरू होते. मी मात्र लॉकपासून, म्हणजे उघडे पाते मिटू न देणाऱ्या कळीपासून सुरुवात करणार आहे, आणि त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी याच वर्गातल्या एका चाकूने खोक्यावरची जाड प्लॅस्टिक पट्टी कापत असताना लॉक सुटले आणि पाते उजव्या तर्जनीवर मिटले. चार टाके पडले आणि बोटाच्या टोकाची संवेदना अजून पुरती परतलेली नाही. तेव्हापासून कुठलाही घडीचा चाकू हातात घेतला की पाते किती छान कापते यापेक्षा ते उघडे राहते का, हा प्रश्न आधी मनात येतो.

मोजमापे अशी आहेत. उघडा चाकू १७१ मिलिमीटर, मिटलेला ९८, पाते ७३, पात्याची पाठीकडची जाडी २.५ मिलिमीटर आणि वजन ८२ ग्रॅम. पाठ टोकाकडे हळूहळू उतरत जाते. पाते अंगठ्याने उघडण्यासाठी त्यावर स्टड, म्हणजे एक लहान खुंटी आहे. मुठीच्या दोन्ही बाजू जी-१० च्या आहेत, म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये दाबून केलेल्या फळीच्या, आणि त्यांच्या आत स्टीलच्या दोन पट्ट्या म्हणजे लायनर आहेत. पात्यावर पोलादाचे नाव ८सीआर१३एमओव्ही असे कोरलेले आहे.

३ मार्च

आज एकही वस्तू कापली नाही. फक्त लॉक पाहिले. हे लायनर लॉक आहे, जे आजच्या रूपात मायकल वॉकर या अमेरिकी कारागिरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवले. एका बाजूचे लायनर स्प्रिंगसारखे आत वाकवलेले असते आणि पाते पूर्ण उघडले की ते पात्याच्या मुळीमागे, म्हणजे मुठीत राहणाऱ्या भागामागे, सरकून उभे राहते. लायनरचे टोक जिथे टेकते तो मुळीचा भाग किंचित तिरपा घासलेला असतो, आणि लॉकचे सगळे इमान त्या तिरपेपणावर असते. कोन गरजेपेक्षा कमी असेल तर लायनर अडकून बसते आणि अंगठ्याने हलता हलत नाही. जास्त असेल तर पात्यावर उलटा दाब येताच लायनर बाहेरच्या बाजूला घसरते.

भिंगाखाली पाहिले तेव्हा १.२ मिलिमीटर जाडीच्या लायनरचा सुमारे एक तृतीयांश भाग मुळीवर चढलेला दिसला. नव्या चाकूसाठी हे ठीक आहे, कारण पुढे झीज होईल तसे लायनर आणखी आत सरकणार आणि त्यासाठी जागा शिल्लक असायला हवी. मुळीच्या त्या तिरप्या भागावर मार्कर फिरवून पाते दहा वेळा उघडले-मिटले, तेव्हा शाई फक्त खालच्या कोपऱ्यात, म्हणजे पिव्हटपासून (पाते ज्या खिळीवर फिरते तिच्यापासून) दूरच्या टोकाला पुसली गेली. ही चांगली खूण आहे. टेकण्याची जागा पिव्हटपासून जितकी दूर, तितकी पाते वरखाली डुलण्याची शक्यता कमी.

त्यानंतर जाड चामडी हातमोजा घालून, सगळी बोटे पात्याच्या मार्गाबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवली आणि दाब हळूहळू वाढवत नेला. लॉक हलले नाही. पाठ लाकडावर जोराने आपटून पाहण्याची पद्धत मी वापरली नाही. अशा धक्क्याने चांगले लायनरही उसळी घेऊन सुटू शकते, आणि रोजच्या कामात तसा धक्का कधी बसत नाही.

मिटलेल्या अवस्थेचीही परीक्षा घेतली. लायनरमध्ये बसवलेली बारीक पोलादी गोळी पाते मिटल्यावर मुळीतल्या खळग्यात उतरते आणि पाते मिटलेले धरून ठेवते. ही गोळी उथळ बसली असेल तर चाकू खिशात आपोआप अर्धवट उघडतो आणि आत गेलेला हात थेट धारेवर पडतो. टोक जमिनीकडे करून चाकू वीस वेळा जोरात झटकला. पाते जागचे हलले नाही.

५ मार्च

चाकू पूर्ण खोलला. मुठीचे स्क्रू टी-६ आणि पिव्हटचा स्क्रू टी-८ मापाच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) टोकाने निघतात. स्वस्त चाकूंच्या स्क्रूंची डोकी मऊ असतात, म्हणून टोक पूर्ण आत बसल्याची खात्री केल्याशिवाय जोर लावला नाही. पिव्हटचा स्क्रू आट्यांवर लावलेल्या गोंदामुळे घट्ट होता. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक डोक्यावर अर्धा मिनिट धरल्यावर तो सैल झाला. हे न करता ताकद लावली असती तर डोक्याचा आकार गेला असता आणि चाकू पुन्हा कधीच खोलता आला नसता.

आत काळसर ग्रीस होते आणि त्यात घासकामाचा बारीक लोखंडी कीस मिसळलेला होता, जो प्रत्येक उघड-मिटीला वॉशर घासत राहिला असता. वॉशर फॉस्फर ब्रॉन्झचे निघाले, याचा मला मनापासून आनंद झाला. नायलॉनचे वॉशर दाबाखाली चेपतात आणि पाते आडवे डुलू लागते. ब्रॉन्झचे वॉशर वापरागणिक आणखी गुळगुळीत होतात. एका वॉशरची कडा पंच करतानाच्या बरीमुळे, म्हणजे धातूच्या उचललेल्या बारीक किनारीमुळे, उभी राहिलेली होती. ती सपाट काचेवर ठेवलेल्या १००० ग्रिटच्या पॉलिश पेपरवर आठच्या आकारात फिरवून उतरवली. सगळे भाग स्पिरिटने पुसले, पिव्हटवर खनिज तेलाचा एक थेंब दिला आणि स्क्रूच्या शेवटच्या दोन आट्यांवर मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आट्यांचा गोंद) लावून चाकू पुन्हा जोडला. पिव्हट किती घट्ट करायचा याची माझी खूण साधी आहे : लॉक सोडल्यावर पाते स्वतःच्या वजनाने अर्ध्यापर्यंत सावकाश खाली यावे आणि उघड्या पात्याचे टोक आडवे ढकलले तर काहीही हलू नये. चौथ्या प्रयत्नात दोन्ही गोष्टी जमल्या. मिटलेले पाते आधी डाव्या लायनरकडे झुकलेले होते, तेही आता मधोमध आले आहे.

८ मार्च

आज कारखान्यातून आलेली धार तपासली. धारेमागची पात्याची जाडी, म्हणजे जिथे धारेचा उतार सुरू होतो तिथली जाडी, ०.६५ मिलिमीटर भरली. उताराची रुंदी डाव्या बाजूला ०.८ आणि उजव्या बाजूला १.१ मिलिमीटर आहे. त्यावरून हिशेब केला तर डावीकडे सुमारे २४ अंश आणि उजवीकडे सुमारे १७ अंश असा कोन येतो. कारखान्यात धार लावणाऱ्याने फिरत्या घासपट्ट्यावर एक बाजू उभी आणि दुसरी आडवी धरली, एवढाच याचा अर्थ आहे. अशी धार कापते, पण सरळ रेषेत जात नाही. लांब पुठ्ठा कापताना पाते सतत एका बाजूला ओढले जाते आणि मनगट नकळत त्याला आवर घालत राहते.

धारेचा मापदंड मी असा ठरवला आहे. डिजिटल वजनकाट्यावर एका लहान चौकटीत शिलाईचा दोरा ताणून बसवायचा, त्यावर पाते न ओढता सरळ खाली दाबायचे आणि दोरा तुटताना दिसलेला आकडा लिहायचा; आकडा जितका कमी, तितकी धार जास्त. दर वेळी पाच वाचनांची सरासरी घ्यायची. इतर कोणाच्या आकड्यांशी याची तुलना होणार नाही, पण दोरा एकाच रिळातला आणि चौकट तीच असल्याने माझ्या माझ्या नोंदींची आपसात तुलना होऊ शकते. कटलरीच्या धारेसाठी आयएसओ ८४४२-५ हे प्रमाण आहे, ज्यात सिलिका मिसळलेला खास कागद यंत्राने ठराविक दाबाखाली कापतात. घरी ते शक्य नाही. त्याऐवजी मी एकाच गठ्ठ्यातल्या पन्हळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरत आहे.

नव्या धारेचे वाचन ३१० ग्रॅम आले. पात्याच्या मधल्या ३० मिलिमीटर भागाने पुठ्ठा कापत गेलो आणि २२ मीटरनंतर वाचन ४०० वर पोहोचले. ४०० ही माझी मर्यादा आहे, कारण त्यापुढे पाते पातळ कागद कापण्याऐवजी फाडू लागते.

१४ मार्च

पहिल्यांदा धार लावली. दोन्ही बाजूंच्या उतारावर मार्कर फिरवला, ४०० ग्रिटच्या दगडावर दोन्हीकडे १८ अंश धरण्याचा प्रयत्न केला आणि दर चार फेऱ्यांनी शाई कुठे उरली आहे ते पाहत गेलो. दगड अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा, म्हणजे कुरुंदाचा आहे आणि हे पोलाद त्यावर सहज उतरते. डाव्या बाजूची उभी धार आडवी पाडायला बराच वेळ गेला. बर पूर्ण लांबीभर उभी राहिल्याशिवाय बाजू बदलायची नाही, हा नियम पाळला. अंगठ्याचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेला आडवे सरकवले की बर नखाला अडकल्यासारखी लागते. टाचेजवळ, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाला, मात्र ती उभी राहत नव्हती, कारण या पात्याला टाचेशी खाच नाही आणि दगडाची कड स्टडला थटत होती. तिथली ४ मिलिमीटर धार तशीच राहिली. पात्याच्या आखणीतला हा दोष आहे आणि धार लावण्याच्या कौशल्याने तो जात नाही. पुढे १००० चा दगड आणि शेवटी हिरवे क्रोमिअम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर दर बाजूला दहा वेळा परजले. दोऱ्याचे वाचन १५० ग्रॅमवर आले.

१५ मार्च

पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा घेतली. १९ मीटरवर वाचन ३१० झाले आणि ४७ मीटरवर ४००. वरवर पाहता धार दुपटीहून जास्त टिकली, पण हा निष्कर्ष पुरता खरा नाही. कारखान्याची धार ३१० पासूनच सुरू झाली होती. ३१० ते ४०० हाच टप्पा घेतला तर तेव्हा २२ मीटर होते आणि आता २८ आहेत. म्हणजे बहुतेक फायदा सुरुवातीला जास्त धार मिळाल्याचा आहे. पट्ट्यावर वेगाने धार लावताना कडेचे पोलाद तापून त्याचे पाणी उतरलेले असू शकते, आणि एक-दोन वेळा धार लावून तो थर निघाल्यावरच खरे पोलाद समोर येते, असे मी मानत आलो आहे. ६ मीटरचा फरक त्या बाजूने बोलतो; सिद्ध मात्र काही करत नाही.

१९ मार्च

बाळगण्याविषयी थोडे. खिशाला अडकणारी क्लिप आणि एका हाताने उघडण्यासाठी पात्याला भोक, या दोन गोष्टी स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने १९८१ साली एकाच चाकूत आणल्या आणि तेव्हापासून घडीचा चाकू खिशाच्या तळाशी पडून राहण्याऐवजी कडेला उभा राहू लागला. या चाकूची क्लिप टोक वर ठेवून अडकते, पण इतकी ताठ आहे की चार दिवसांत खिशाच्या शिवणीचे धागे उसवू लागले. क्लिप काढून लाकडी ठोकळ्यावर एक मिलिमीटरभर सैल केली. ८२ ग्रॅम वजन जाणवत नाही. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय बाळगायचा घडीचा चाकू लॉक नसलेला आणि ३ इंचांपेक्षा मोठी धार नसलेला असावा लागतो; या चाकूची लांबी त्यात बसली तरी लॉक बसत नाही. विमानाच्या केबिनमध्ये तर हा चाकू नेता येत नाही, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री तो खिशातून काढून ठेवण्याची सवय लावून घेतली आहे.

२४ मार्च

आजची नोंद या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची आहे.

घायपाताची १० मिलिमीटर जाडीची दोरी, केबल बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या आणि वाळलेले लाकूड असा क्रम ठेवला होता. दोरी चांगली कापली गेली. नायलॉनच्या पट्टीत पाते अर्धे शिरले आणि अडकले, आणि ते मोकळे करण्यासाठी मी कोणीही करील तेच केले : मूठ घट्ट आवळून पाते थोडे पिळले. त्याच क्षणी मुठीतून एक बारीक ‘टक्’ ऐकू आले. मी हात थांबवला, चाकू तसाच डाव्या हाताने वरून धरला आणि पाहिले. लायनर मुळीवरून जवळजवळ पूर्ण बाहेर सरकलेले होते. मुळीवर त्याची जेमतेम कड टेकली होती.

हातमोजा घालून हीच गोष्ट सावकाश पुन्हा केली तेव्हा कारण दिसले. लॉक सोडण्यासाठी अंगठा आत जावा म्हणून मुठीला एका बाजूने अर्धगोल कापलेले आहे आणि तिथे लायनरची कड जी-१० च्या वर ०.६ मिलिमीटर उघडी राहते. मूठ आवळली की तर्जनीचे पहिले पेर नेमके त्या कडेवर येते. पिळताना बोटाचे मांस लायनरला बाहेर ढकलते आणि त्याच वेळी पिळामुळे मुळीचा लायनरवरचा दाब कमी होतो. दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या की निर्दोष घासलेला लॉकही सुटतो. ३ मार्चच्या परीक्षेत हे कळणे शक्यच नव्हते, कारण तिथे दाब सरळ पाठीवर होता आणि बोटे मुद्दाम दूर ठेवलेली होती.

दोन वर्षांपूर्वी माझे बोट कापले तेव्हाही प्लॅस्टिकचीच पट्टी होती आणि पाते अडकलेलेच होते. त्या चाकूचे लॉक कच्चे होते असे मी आजपर्यंत धरून चाललो होतो. आता वाटते की मी तेव्हाही पाते पिळले होते आणि लॉक माझ्याच तर्जनीने ढकलले गेले होते. संध्याकाळभर दुसरे काही काम झाले नाही.

२८ मार्च

गंजाची परीक्षा. नावाप्रमाणे या पोलादात सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि सुमारे १३ टक्के क्रोमिअम असते. पोलाद न गंजणारे म्हणवण्यासाठी किमान साडेदहा टक्के क्रोमिअम लागते, पण त्यातले काही कार्बनशी बांधले जाऊन कार्बाइड होते आणि संरक्षणाला उरत नाही, म्हणून १३ हा आकडा वाटतो तितका ऐसपैस नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड मिटलेल्या चाकूभोवती रात्रभर गुंडाळून ठेवले. सकाळी पात्यावर दोन फिकट ठिपके होते, जे तेलाच्या बोळ्याने निघाले. क्लिपच्या स्क्रूंवर मात्र तांबडा गंज धरला होता आणि लायनरच्या आतल्या बाजूलाही तो पसरू लागला होता. पात्याचे पोलाद जपून निवडलेले आणि बाकीचे भाग कसेही, असे या किमतीत घडते. पुसायचे असेल तर पात्याइतकेच मुठीचे पोटही पुसायला हवे.

२ एप्रिल

चाकू पुन्हा पूर्ण खोलला आणि दोन कामे केली.

पहिले काम लायनरचे. अर्धगोल कापातली त्याची उघडी कड बारीक कानशीने उतरवून ०.६ वरून ०.२ मिलिमीटरवर आणली, मग पॉलिश पेपरने गोल केली. लॉक सोडताना अंगठ्याला आता थोडे शोधावे लागते. ती किंमत मला आनंदाने मान्य आहे. लायनर जिथे मुळीला टेकते त्या टोकाला कानशीचा स्पर्शही होऊ दिला नाही. तिथला कोन बिघडला तर तो हाताने पुन्हा साधता येत नाही.

दुसरे काम पात्याचे. धारेमागची जाडी ०.६५ वरून ०.४ मिलिमीटरवर आणण्यासाठी पाते दगडावर जवळजवळ सपाट धरून दोन्ही गाल म्हणजे बाजू उतरवल्या. यात अडीच तास गेले आणि पात्यावरचा मूळ घासकामाचा देखणा पोत गेला. शेवटी १८ अंशांची धार पुन्हा लावली. उताराची रुंदी आता दोन्ही बाजूंना सारखी, ०.६५ मिलिमीटरच्या आसपास आहे. वाचन १४० ग्रॅम.

४ एप्रिल

१७ मीटरवर ३१०, ५२ मीटरवर ४००. म्हणजे ३१० ते ४०० हा टप्पा आता ३५ मीटरचा झाला. हा परिणाम कडेचे थकलेले पोलाद निघून गेल्याचा आहे की पाते पातळ झाल्याचा, हे सांगता येणार नाही, कारण मी दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. तेवढी शिस्त राखायला हवी होती. हाताला जाणवलेला फरक मात्र आकड्यांपेक्षा मोठा आहे. पुठ्ठ्यात पाते पूर्वी पाचरीसारखे फटीत रुतत असे आणि कापल्याचा आवाज करकरीत येई. आता ते सरळ उतरते आणि धार कमी झाल्यावरही पुढे जात राहते. केबलची नायलॉन पट्टी पाते न अडकता एका दाबात तुटली. जे पाते अडकत नाही ते पिळावेही लागत नाही, म्हणून दोन वेगळी वाटलेली कामे एकाच कामाचे दोन भाग निघाले.

९ एप्रिल

आजपर्यंत चाकू मोजून ४०० वेळा उघडला-मिटला आहे. लायनर मुळीवर आता अर्ध्या जाडीपर्यंत चढलेले आहे. पहिल्या २५० वेळांत ते एक तृतीयांशावरून इथे सरकले आणि नंतरच्या १५० वेळांत भिंगाखालीही फरक दिसला नाही. पाते आडवे किंवा उभे डुलत नाही. गोळी अजून खळग्यात नीट उतरते.

पिळण्याची परीक्षा पुन्हा घेतली. कठीण लाकडाच्या फटीत पाते १० मिलिमीटर रुतवले, हातमोजा घालून मूठ पूर्ण आवळली आणि दोन्ही दिशांना तीस-तीस वेळा पिळले. दर वेळी मुळीवरची मार्करची रेघ पाहिली. लायनर एकदाही रेघेच्या बाहेर आले नाही. हातमोज्याशिवाय ही परीक्षा मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. लॉक नसते तर पाते कधी पिळलेच नसते, असेही वाटून गेले. १८९० पासून चालत आलेल्या ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या लाकडी मुठीच्या चाकूला फिरणाऱ्या कड्याचे लॉक १९५५ साली बसवले गेले, तोवर लोक तो केवळ सावधपणे धरूनच वापरत होते.

टाचेजवळची ४ मिलिमीटर धार अजून बोथट आहे. क्लिपचे दोन स्क्रू बदलायचे आहेत. मुळीवर नवी रेघ आखून चाकू आजपासून उजव्या खिशात ठेवला आहे, आणि ९ मे रोजी लायनर कुठे आहे ते पुन्हा पाहायचे आहे.